अ‍ॅलिसनं खाली ठेवलेला कप

तुस्कानोंच्या जेवणाच्या टेबलावर त्या शनिवारी सकाळी उंट बसले होते. उंट, बकऱ्या, मेंदीनं लाल झालेले हात, दोरीवर वाळत घातलेल्या उंटांच्या झुली, पाण्याच्या टँकरच्या सावलीत झोपलेलं मांजर, आणि एका खोलीच्या कोपऱ्यात माणसांच्या मोबाइलशेजारी चार्जिंगला लावलेले, शर्यतीत उंटाच्या पाठीवर बसवतात ते टीचभर रोबो. सगळे फोटो मोठे छापून आणलेले. अ‍ॅलिस चष्मा डोक्यावर चढवून त्यांच्याभोवती फेऱ्या घालत होती आणि बाप्टिस्ट आमलेट-पावाची बशी हातात धरून उभा होता.

"ही बशी मी कुठे ठेवू? उंटाच्या पाठीवर?"

"ओट्यावर ठेव. आणि तेलकट हात कशाला लावू नकोस."

"हॉटेलात जन्म गेला लोकांची टेबलं लावण्यात," बाप्टिस्ट म्हणाला. तो रास अल खैमाच्याच एका हॉटेलात बँक्वेट सांभाळायचा. "पाचशे माणसांची सोय करतो मी. घरी एका माणसाची होत नाही."

"तुझ्या पाचशे माणसांना सांग एकदा घरी येऊन भांडी घासायला, मग बोलू."

कार्ल डोळे चोळत खोलीतून बाहेर आला. मुलगा तेवीस वर्षांचा, इथेच जन्मलेला, आईबाप मराठीत बोलले की इंग्रजीत उत्तर देणारा. टेबलाकडे बघून त्यानं हात उंचावला. "गुड मॉर्निंग, कॅमल्स. मॉम, डिड शेरॉन आंटी कन्फर्म?"

शेरॉन म्हणजे दुबईतल्या हौशी छायाचित्रकारांच्या क्लबाची सर्वेसर्वा. अल क्वोजमध्ये एका जुन्या गोदामाचा हॉल केला होता, तिथे क्लबाचं प्रदर्शन भरणार होतं आणि त्यातली एक अख्खी भिंत अ‍ॅलिसला द्यायची असं शेरॉनच्या मनात होतं. अट एकच. काल रात्री तिनं फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, "अ‍ॅलिस, डिअर, फोटो सुंदरच आहेत. पण हात, हात, हात! लोकांना वाटेल मेंदीची जाहिरात आहे. त्या म्हातारीचा एक चेहरा दे मला, मधोमध लावू. उद्या संध्याकाळपर्यंत. नाहीतर ती भिंत मला सूर्यास्तवाल्या माणसाला द्यावी लागेल."

म्हणून आज, थंडीतला शनिवार असूनही, अ‍ॅलिस वाळवंटात गेली नव्हती. तिच्याकडे चेहरा नव्हता. बाराच्या बारा फोटो उलटेपालटे करून कुठे एखाद्या चेहऱ्याची कड तरी सापडते का, ते बघणं चाललं होतं.

तेवढ्यात दार वाजलं. बेल नाही, दारावर हाताची थाप. त्या बिल्डिंगमध्ये बेल सोडून थाप मारणारं कुणी नव्हतं. बाप्टिस्टनं बशी घेऊनच दार उघडलं, तर समोर मुश्ताक.

मुश्ताक तिकडे वाळवंटात उम्म खमीस नावाच्या म्हातारीचे उंट सांभाळायचा; तो तिला अम्मा म्हणायचा. मूळचा सिंधकडचा, मिशा पिकलेल्या, अंगात इस्त्रीचा कमीज. एरवी त्याच्या कपड्यांवर उंटाच्या लाळेचा एखादा तरी डाग असायचाच. आज नव्हता. म्हणजे प्रकरण साधं नव्हतं.

"भाभी, अम्मा ने बुलाया है," तो उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला. "गाड़ी नीचे है."

अ‍ॅलिसनं हातातला फोटो खाली ठेवला. "तब्येत बरी आहे ना? मतलब, तबीयत ठीक है?"

"तबीयत को क्या होना है. गुस्सा है. गुस्सा भी नहीं..." मुश्ताकनं शब्द शोधला, तो मिळाला नाही. "भाभी, आपने पिछले शनिचर को कप नीचे रख दिया था."

"कुठला कप?"

"गाहवे का. भरा हुआ. पिया नहीं, नीचे रखा और चली गईं."

बाप्टिस्टनं बायकोकडे पाहिलं. "काय गं? कप फोडून आलीस की काय?"

मुश्ताक आत आला, बूट बाहेर काढून, आणि सोफ्याच्या अगदी कडेला बसून त्यानं जे सांगितलं ते ऐकताना कार्लनंसुद्धा कानातले इअरफोन काढले. या लोकांच्यात, तो म्हणाला, पाहुणा कॉफीचा कप हातातून खाली ठेवत नाही. पितो, पुरे झालं की कप जरासा हलवतो आणि वाढणाऱ्याच्या हातात परत देतो. भरलेला कप न पिता जमिनीवर ठेवला, तर त्याचा अर्थ एकच: पाहुण्याला काहीतरी मागायचं आहे. मुलीला मागणी घालायला येतात, भांडण मिटवायला येतात, तेव्हा असाच ठेवतात. मग घरधन्यानं म्हणायचं, पी बाबा, तुझं काम झालं. तसं म्हटल्याशिवाय पाहुणा पीत नाही. आणि पाहुणा न मागताच उठून गेला, तर ते घराला बरं दिसत नाही. आपल्याकडे मागण्याची त्याला लाज वाटली, असं होतं ते.

"अम्मा ने वो कप किसी को उठाने नहीं दिया," मुश्ताक म्हणाला. "आज तक वहीं पड़ा है. ऊपर कटोरी उलटी रखी है, मक्खी के वास्ते. सब लोग कप को बचा के चलते हैं."

बाप्टिस्टनं बशी शेवटी एका बकरीवर ठेवली. अ‍ॅलिसच्या ते लक्षातही आलं नाही.

"मी तर पिल्लू बघायला धावले होते रे!" ती म्हणाली.

तसंच झालं होतं. गेल्या शनिवारी उम्म खमीसनं नेहमीसारखा तिच्या हातात कप दिला, आणि त्याच क्षणी बाहेर आरडाओरडा झाला. सकाळी जन्मलेलं उंटाचं पिल्लू पहिल्यांदा उभं राहत होतं. चार पाय चार दिशांना, घडीची खुर्ची उलगडावी तसं. अ‍ॅलिसला कॅमेऱ्याला दोन हात लागतात. तिनं कप गालिच्यावर टेकवला आणि पळाली. पिल्लू उठलं, पडलं, परत उठलं, आईच्या पायांत शिरलं, सगळे हसले, टाळ्या पिटल्या. एवढ्यात बाप्टिस्टनं कुंपणाबाहेरून गाडीचा हॉर्न वाजवला, त्याची ड्युटी होती. अ‍ॅलिसनं लांबूनच हात हलवून निरोप घेतला. तंबूत म्हातारी एका भरलेल्या कपासमोर बसून राहिली आहे, हे तिच्या गावीही नव्हतं.

"मग आता काय करायचं?" बाप्टिस्टनं विचारलं.

"अब भाभी चलेंगी, और माँगेंगी."

"आणि म्हातारी देणार?"

"देना ही पड़ेगा, साहब. ज़बान का मामला है."

मग कार्ल हळूच म्हणाला, "मॉम. शी कान्ट से नो."

त्याला काय म्हणायचंय ते सगळ्यांना कळलं. टेबलावर बारा फोटो होते, आणि मध्ये एका फोटोएवढी जागा मोकळी होती.

"जस्ट आस्क फॉर द फेस," कार्ल म्हणाला. "वन क्लिक. खलास."

बाप्टिस्ट बकरीवरची बशी उचलून तिच्याखालचा डाग शर्टाच्या बाहीनं पुसत राहिला.

अ‍ॅलिसनं कॅमेऱ्याची पिशवी उचलली, ठेवली, परत उचलली. निघताना दारात मुश्ताक हळू आवाजात म्हणाला, "एक बात है भाभी. झूठमूठ का कुछ मत माँगना, रस्म पूरी करने को. अम्मा समझ जाएगी. दिल में जो है, वही."

*

मुश्ताकची पिकअप डिगडगा वस्तीकडे वळली की गाव संपतं आणि तांबडी वाळू सुरू होते. हा रस्ता अ‍ॅलिस डोळे मिटून सांगेल. पण कॅमेरा घेऊन ती पहिल्यांदा इथे आली तेव्हा तिला वाळूशिवाय काही दिसलं नव्हतं.

ती वसईची, नंदाखालची. वडिलांची पानवेलीची आणि केळीची वाडी. बी.ए. झाली, लग्न झालं, बाप्टिस्टच्या मागोमाग इकडे आली. काही वर्षं एका दवाखान्यात रिसेप्शनवर होती, मग कार्लच्या शाळा, क्लास, डबे यात नोकरी कधी सुटली ते कळलंच नाही. कार्ल कॉलेजात गेला आणि घर एकदम मोठं झालं. त्याच सुमाराला बाप्टिस्टच्या हॉटेलातला एक शेफ मायदेशी परत चालला होता, त्याचा जुना कॅमेरा बाप्टिस्टनं घेतला. "आठशे दिरहॅम," तो घरी येऊन म्हणाला, "म्हणजे आपले अठरा हजार. चालवलास तर चालव, नाहीतर मी चालवतो." तो काही चालवणार नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं. अ‍ॅलिसनं त्याचं माहितीपुस्तक पाककृतीच्या पुस्तकासारखं वाचलं, ओट्याशी उभी राहून, पान डाळीच्या डब्याखाली दाबून.

पहिले फोटो कॅलेंडरात असतात तसेच निघाले. लाल सूर्य, काळा उंट, लांब सावली. क्लबातल्या सगळ्यांकडे तेच होते, आणि त्यांचे बरे होते. तेव्हा शेरॉन म्हणाली होती, "हॉबी म्हणून छान आहे हं." ते अ‍ॅलिसला झोंबलं.

मग एके दिवशी, सवानच्या उंटशर्यतीच्या ट्रॅकजवळ, तिला दूरवर एक धुण्याची दोरी दिसली. दोरीवर दहा-बारा झुली, एका रांगेत, चिमटे लावून. अ‍ॅलिस बघतच राहिली. इथे धुणं कोण धुतं? पाणी कुठून येतं? वाळू उडते तेव्हा परत धुवावं लागत असणार, मग ती बाई काय म्हणत असेल? तिनं बाप्टिस्टला गाडी त्या दिशेला घ्यायला लावली. शंभर पावलांवर चाकं वाळूत रुतली. बाप्टिस्टनं गाडीच्या चारही बाजूंनी फिरून देवाचं नाव घेतलं, आणि मुश्ताक आला. त्यानं चाकांतली थोडी थोडी हवा काढली, गाडी हसतखेळत वर आली, आणि मग रुतलेल्या माणसाला कॉफी न पाजता सोडायचं नाही म्हणून तो त्यांना इज्बेवर घेऊन गेला.

इज्बा म्हणजे उंटांची वाडी म्हणा. कुंपण, गोठे, सिमेंटच्या दोन खोल्या, एक तंबू, आणि सावलीला गाफची दोन झाडं. गाफ म्हणजे आपल्याकडची शमीच. मालकीण उम्म खमीस. मुलांनी शहरात मोठा व्हिला बांधला होता, पण एसीच्या थंडीत तिला झोप लागत नाही म्हणून सगळा हिवाळा ती इथे काढायची. बुरखा घातलेली, म्हणजे काळं कापड नव्हे, इथल्या जुन्या बायका चेहऱ्यावर घालतात ती सोनेरी झाक मारणारी पट्टी, नाक-ओठ झाकून डोळे तेवढे मोकळे ठेवणारी. तिला हिंदी येत होती. तिच्या वडिलांचं गलबत मुंबईला जायचं, खजूर नेऊन तांदूळ आणायचं. ती भाषा घरात उतरली होती, जशीच्या तशी, कधी दुरुस्त न झालेली.

"तुम कपड़ा का फोटो मंगता?" म्हातारीनं तेव्हा विचारलं होतं. "उधर सब लोग ऊँट का मंगता. तुम कपड़ा का?"

"वो कौन धोता है?" अ‍ॅलिसनं विचारलं.

म्हातारी इतकी हसली की तिला ठसका लागला. आजवर कुणी हे विचारलं नव्हतं. मग तिनं स्वतः उठून मशीन दाखवलं, खोलीमागे ठेवलेलं, वाळूपासून वाचवायला गोणपाटात गुंडाळलेलं, आणि साबण कसा जास्त लागतो, उंटाचा वास कसा जात नाही, यावर दोघींचं अर्धा तास बोलणं झालं. शेवटी उम्म खमीसनं नियम सांगितला. "हाथ लो. पाँव लो. ऊँट, बकरी, बर्तन, सब लो. मुँह नहीं."

अ‍ॅलिसनं तीन हिवाळे तो नियम पाळला. मुश्ताक उंटिणीचं नाक पुसताना, म्हातारीचे हात तव्यावर रगागच्या पातळ पोळ्या थापताना, नात हिबा तंबूत लॅपटॉपवर असाइनमेंट करताना फक्त तिची बोटं आणि पायाशी झोपलेली बकरी.

एकदाच, गेल्या वर्षी, वारा सुटला होता, चुलीचा धूर तंबूत भरला, आणि उम्म खमीसनं डोळे पुसायला बुरखा काढला. त्याच वेळी एका बकरीनं ताज्या रगागचा अख्खा थर तोंडात धरून धूम ठोकली. म्हातारी तिच्यामागे शिव्या घालत हसली. तोंडात तीन दात, गालावर निळसर डाग, सगळा चेहरा सुरकुत्यांनी फुललेला. कॅमेरा अ‍ॅलिसच्या हातात होता, सुरू होता, कुणाचं लक्ष नव्हतं. अ‍ॅलिसनं तो खाली घेतला. घरी येऊन तिनं बाप्टिस्टला सांगितलं, "आज मी एक फोटो काढला नाही." तो म्हणाला, "मग त्यात सांगण्यासारखं काय? मी तर रोजच काढत नाही."

पण तो न काढलेला फोटो तिच्या डोळ्यांपुढून जात नव्हता. टेबलावरच्या बारा फोटोंच्या मधली मोकळी जागा त्याचीच होती.

*

इज्बेवर हिबा कुंपणाशीच उभी होती, हसू दाबत. ती शहरात कॉलेजला होती, शनिवारी आजीकडे यायची.

"आंटी, फायनली!" ती म्हणाली. "तुम्हाला माहीतच नाही इथे काय चाललंय." तिचं सगळं बोलणं इंग्रजीत, मध्ये मध्ये अरबी 'यल्ला'. "सगळा आठवडा एकच चर्चा, तुम्हाला काय हवंय. काका म्हणतो मुलासाठी नोकरी. माझा भाऊ म्हणतो ती पांढरी उंटीण, कारण तुम्ही तिचे फार फोटो काढता. तो तिला दुसऱ्या गोठ्यात लपवून आलाय."

"उंटीण कुठे ठेवू मी? बाल्कनीत?"

"आणि माझ्या आईला वाटलं, तुम्ही कार्लसाठी मला मागणार."

"अगं बाई!"

"मी म्हटलं, मला वेळ नाही, माझी परीक्षा आहे." दोघी कुंपणाला टेकून हसल्या. कोवळं पिल्लू आठवड्यात चांगलं धीट झालं होतं. ते येऊन अ‍ॅलिसच्या ओढणीची कड चघळायला लागलं. हिबानं ती सोडवली आणि मग तिचं हसू जरा कमी झालं.

"खरं काय ते आजीला माहीत आहे," ती हळू म्हणाली. "काल संध्याकाळी तिनं मला विचारलं, माझ्या चेहऱ्याचा फोटो कुठे लावणार? मी म्हटलं, तुम्ही सांगितलं होतं तसं, दुबईच्या प्रदर्शनात, मोठ्या हॉलमध्ये. ती म्हणाली, पुरुष येतील? मी म्हटलं, सगळेच येतील, आजी. आज पहाटे उठून तिनं केस धुतले."

अ‍ॅलिसच्या खांद्यावरची पिशवी एकाएकी जड झाली.

तंबूत नेहमीची गडबड नव्हती. सुनांना आणि पोरांना बाहेर पाठवलेलं होतं. तरी कापडाच्या फटीतून दोन-तीन डोळे दिसत होते. गालिचा झटकलेला. मधोमध उम्म खमीस, नवा बुरखा, नवी शाल, डोळ्यांत सुरमा. आणि तिच्यासमोर, जिथे अ‍ॅलिसनं ठेवला होता तिथेच, तो कप. वरची वाटी काढलेली, कप धुऊन ताज्या गाहव्यानं भरलेला.

"बैठो," उम्म खमीस म्हणाली.

अ‍ॅलिस बसली. "अम्मा, माफ करना. मुझे मालूम नहीं था."

"तुम को मालूम नहीं. कप को मालूम." म्हातारीनं कपाकडे बोट दाखवलं. "मेरे को मालूम. बस है."

"वो तो मैं बच्चे को देखने..."

"बच्चा देखा, अच्छा किया. अब मंगो." तिनं पाठ ताठ केली. "मेरे घर से कोई मंगता रह के गया, ऐसा कोई नहीं बोलेगा. मेरा बाप के टाइम में नहीं बोला, आदमी के टाइम में नहीं बोला. तुम बोलो, हम देगा. ज़बान दिया."

आणि मग, अ‍ॅलिस काही बोलायच्या आतच, ती जरा पुढे झुकली. "तुम क्या मंगता, मेरे को पता है. तीन साल से पता है."

तिचा हात कानामागे गेला, बुरख्याच्या दोरीच्या गाठीवर. हात स्थिर होता. डोळे मात्र अ‍ॅलिसकडे नव्हते. तंबूच्या कापडाकडे होते, तिथे काहीतरी वाचल्यासारखे.

उजेड म्हणजे काय सांगावा! तंबूची एक बाजू वर गुंडाळलेली, ऊन बाहेरच्या वाळूवर आपटून आत येत होतं, लोण्यासारखं मऊ होऊन. क्लबातले लोक असा उजेड दिवे भाड्यानं आणून पाडतात. अ‍ॅलिसच्या बोटांना आपोआप मोजमाप सुचायला लागलं: इतकं जवळ, इतकं खाली, कान सोडून, डोळे मध्ये. एक शब्द बोलायचा अवकाश होता. आज संध्याकाळी भिंत तिची. बारा फोटो आणि मधोमध हा चेहरा, आणि शेरॉनला आयुष्यात पुन्हा "हॉबी" म्हणायची हिंमत व्हायची नाही.

तिनं पिशवीची चेन अर्धी उघडलीसुद्धा.

पण बकरीमागे हसणारा तो चेहरा या गाठीमागे नव्हता, हे तिला इतकं स्वच्छ दिसत होतं की चष्म्याचीही गरज नव्हती. या गाठीमागे होता तो दिलेला शब्द पाळणाऱ्या बाईचा चेहरा. तो निघेल फोटोत. तो फार चांगलाही निघेल. लोक भिंतीपुढे थांबतील, मान हलवतील, पुढच्या भिंतीकडे जातील. आणि इथे दर शनिवारी आपण दोघी समोरासमोर बसू तेव्हा तो आपल्या दोघींच्या मध्ये बसलेला असेल.

भिंत सूर्यास्तवाल्याला जाणार, असं अ‍ॅलिसनं मनात म्हणून पाहिलं. दुखलं. चांगलंच दुखलं. मग तिनं चेन परत लावली. त्या आवाजासरशी म्हातारीचे डोळे कापडावरून तिच्याकडे वळले.

"नहीं मंगता?"

"वो नहीं मंगता, अम्मा."

"तो?" गाठीवरचा हात तिथेच थांबला. "खाली कप नहीं रखने का. मंगना पड़ेगा."

पंचाईत तर आता होती. मुश्ताकनं बजावलं होतं, खोटं मागू नका. नोकरी? कार्लला नोकरी होती. उंटीण नको. हिबा तर नकोच, तिची परीक्षा होती. एखादी झूल आठवण म्हणून मागावी, तर ते रस्म उरकल्यासारखं; म्हातारी लगेच ओळखणार. अ‍ॅलिसला घर आठवलं, टेबल आठवलं, तिथे काय कमी होतं? काही नाही. मग इथे? तीन हिवाळे इथे बसून, इथलं सगळं पाहून, इथे खरोखर, अगदी मनापासून, तिला काय हवं होतं?

कपातून वाफ येत होती. वेलची, केशर, आणि खालून तो कडू, धुरकट वास.

अ‍ॅलिसला हसू फुटलं. तिनं ते दाबायचा प्रयत्न केला, पण ते गालांतून सुटलंच. तीन हिवाळे! दर शनिवारी तीन तीन कप, चेहरा गोड ठेवून, पाहुण्याची रीत म्हणून, घरी पोचल्यावर रात्री टक्क जागी राहून. बाप्टिस्टलासुद्धा सांगितलं नव्हतं. फटीतले डोळे चार झाले, पाच झाले. उम्म खमीसनं गाठीवरचा हात काढून मांडीवर ठेवला आणि भुवया उंचावल्या, बोल आता, अशा.

अ‍ॅलिसनं कप हातात घेतला नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, सरळ बसली, आणि म्हातारीच्याच भाषेत म्हणाली, "अम्मा, मेरे को गाहवा नहीं जमता. आगे से मेरे को चाय मंगता. दूध डालके."